हंडरगावचे पासष्ट मिलिमीटर

३ ऑगस्ट, गुरुवार

आज सकाळी फजरची नमाज पढून मी परत आडवा झालो नाही. कपाटावरून लेकीची, जेबाची लहानपणची पाटी काढली, गच्चीवर गेलो आणि वाय बरोबर अल्फा अधिक बीटा एक्स अधिक यू हे समीकरण वीस वेळा लिहिलं, वीस वेळा पुसलं. गावच्या शाळेत आम्ही पाढे असेच घोटले होते. पाढे घोटून येतात. हे येत नाही. विसाव्या वेळीही तो शेवटचा यू तिथं कशाला आहे ते कळलं नाही.

अर्थमितीच्या चाचणीत वीसपैकी चार मार्क पडले. वर्गात बावीसजण आहेत. माझं वय अठ्ठेचाळीस. माझ्यानंतरचा सगळ्यांत मोठा मुलगा पंचवीसचा. पेपर हातात घेऊन मी बसलो होतो तेव्हा मागून अवधूत म्हणाला, "चाचा, चारला लाजायचं न्हाई. मला तीन हायेत, अन् मी तर तरुण हाय." तो कंधारचा, माझ्याच तालुक्यातला. त्यामुळं मला काहीही बोलायचा त्याला हक्क आहे असं तो मानतो.

अर्थमितीचा पेपर अवघड म्हणून मागच्या वर्षी निम्मा वर्ग यात राहिला. बायकोला, रईसाला मार्क सांगितले. ती म्हणाली, "या वयात कुणी चार दिले तरी ठेवून घ्यावेत."

कशाला एम. ए. करतो असं ऑफिसात विचारतात. खरं कारण कोणाला सांगितलं नाही, इथं लिहितो. २०१० ते २०२१ अशी बारा वर्षं मी हंडरगावच्या महसूल मंडळ कार्यालयात शिपाई होतो. रोज सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा रजिस्टरला लिहायचा, वर कळवायचा, हे काम माझ्याकडं होतं. ते आकडे पुढं जाऊन काय करतात हे बारा वर्षांत कोणी सांगितलं नाही. लातूरला कारकून होऊन आलो तर इथंही तेच तक्ते टाईप करतो. एकदा कळावं, एवढंच.

१२ ऑगस्ट, शनिवार

आज थोडं कळलं. आलोक सरांनी रेसिड्युअल शिकवलं. समीकरणाची रेषा एक आकडा सांगते, प्रत्यक्षात दुसराच निघतो. दोहोंतला फरक म्हणजे रेसिड्युअल. तो यू म्हणजे जे आपल्याला माहीत नाही ते सगळं. सर चौतीस वर्षांचे आहेत. मला नासिरभाई म्हणतात आणि प्रश्न विचारताना माझ्याकडं बघायचं टाळतात. ही त्यांची भलमनसाई.

मला अब्बांची आठवण झाली. ते बाजारच्या दिवशी कंधारच्या आसपासच्या गावांत बांगड्या भरायचे. बाई दहा पावलांवर असतानाच मनगट बघून माप काढून ठेवायचे. सहसा चुकायचे नाहीत. चुकले तर बांगडी तिथंच फुटायची आणि बाई ओरडायची. अंदाज बांधायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

१९ ऑगस्ट, शनिवार

प्रकल्प दिले. दोघादोघांच्या जोड्या आहेत. मी आणि मृण्मयी. मुलगी लातूरचीच, वर्गात पहिली, बोलायला फटकळ. विषय असा: ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पाऊस झाला तर एकरी उतारा किती वाढतो? सरांनी रीतसर अर्ज करून सहा मंडळांच्या पाऊस-रजिस्टरांची स्कॅन केलेली पानं मिळवली आहेत. ती सगळ्या वर्गानं मिळून टाईप करायची, मग ज्याला जो प्रश्न दिलाय त्यानं तो सोडवायचा.

आमच्या वाट्याला तिसरं आणि चौथं मंडळ आलं. मृण्मयीनं लॅपटॉपवर चौथ्याचं पान उघडलं.

माझं अक्षर होतं.

चौथं मंडळ हंडरगाव. डाव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा होता. मी तिला म्हणालो, "तिसरं तू कर, चौथं मी करतो."

"नको चाचा. तुम्ही सरकारी वेगानं टाईप करता. चौथं मी घेते, त्यात पानं जास्त आहेत."

सांगण्यासारखं होतं. आनंदानं सांगायला हवं होतं, की हे माझं काम. जीभ उचलली नाही. का, ते घरी येईपर्यंत स्वतःलाही नीट विचारलं नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

आज भिंतीवर सहाही मंडळांचे आलेख दाखवले. कोणता आकडा किती वेळा आला त्याचे खांब. पाच मंडळांचे खांब लहानमोठे, सगळीकडं पसरलेले. चौथ्याचे खांब फक्त पाच, दहा, पंधरा, वीस असे ठरावीक ठिकाणी उभे. मधे सगळं मोकळं.

वर्ग हसला. अवधूत उभा राहून म्हणाला, "सर, या गावात पाऊस पाचाच्या पाढ्यात पडतो."

"का होत असेल असं?" सरांनी विचारलं.

"शिपाईबुवा गादीवरून उठतच नसंल. खिडकीतून बघायचं, हां, आज पंधरा लिहा."

पुन्हा हसले. मीही हसलो. न हसून चाललं नसतं.

खरी गोष्ट अशी की काचेच्या मोजपात्रावरच्या बारीक रेषा घासून गेल्या होत्या. पाचाच्या तेवढ्या ठळक दिसायच्या. नवीन पात्राची मागणी दोनदा केली होती. हे वर्गात सांगितलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता. पण हे सांगितलं की पुढचंही सांगावं लागलं असतं. मी गादीवरून उठायचो, रोज उठायचो. ज्या दिवशी उठलो नाही ते दिवस वेगळेच.

बाहेर आल्यावर मृण्मयीनं विचारलं, "चाचा, तुम्ही त्याच भागात होता ना नोकरीला? कोण लिहीत असेल हे?"

"असेल कोणी."

ती म्हणाली, "बरं. मी थांबते." तिला ऑटोसाठी थांबायचं असावं. पण ऑटो तर समोरच उभा होता. जाताना माझी वर्गाची वही एका दिवसासाठी मागून घेतली.

२४ ऑगस्ट, गुरुवार

वही परत आली. काही शंका होती का, विचारलं. "नाही, अक्षर बघत होते," ती म्हणाली. "तुमचा पाच छान येतो." आजच्या मुलांना अक्षराचं कौतुक आहे हे बघून बरं वाटलं.

३ सप्टेंबर, रविवार

मोजमापातल्या चुकीवरचा धडा आज तिसऱ्यांदा वाचला. पुस्तक म्हणतं, कारण म्हणून जो आकडा घेतला तोच चुकीचा मोजला असेल, तर त्याचा परिणाम खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. शून्याकडं ओढला जातो. म्हणजे औषध लागू पडत असतं, पण कोणाला किती दिलं तेच भलतं लिहिलं तर औषध कुचकामी ठरतं. हा धडा मला एकदम समजला. पूर्ण अभ्यासक्रमात एवढाच एक.

दुपारी ट्रंकेतून कजाची वही काढली. सुटलेली नमाज मागून भरून काढावी लागते, म्हणून जी सुटेल तिची तारीख आणि त्या वेळी कुठं होतो ते मी तरुणपणापासून लिहीत आलो आहे. रोज प्रत्येक नमाजेबरोबर एक जुनी भरून काढतो आणि वहीत तिच्यावर रेघ मारतो.

२०१४ चं पान. ९ ऑगस्ट ते २५ ऑगस्ट. 'लातूर, दवाखाना.' रईसाचं ऑपरेशन. सतरा दिवस मी हंडरगावला नव्हतो. पर्जन्यमापकाच्या कुंपणाला कुलूप असतं. त्याची किल्ली माझ्या खिशात, माझ्याबरोबर लातूरला. चावडीवर झाडलोट करणारे संगप्पा होते, त्यांना रोज फोन करून विचारायचो. ते सांगायचे त्यावरून आकडा बसवायचो. एकोणीस तारखेला ते म्हणाले होते, "लई पडला साहेब, चावडीपुढं गुडघाभर पाणी." मी पासष्ट लिहिले. गुडघाभर पाण्याचे पासष्ट होतात असं मला वाटलं. वर कळवलेही त्याच दिवशी. रकाना मोकळा ठेवायचा नाही अशी ताकीद होती.

त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता. शेजारच्या पाच मंडळांत त्या आठवड्यात शून्य आहे.

वही चाळत गेलो. अब्बा वारले, त्यांच्या इंतकालाचे दिवस, मलेरियाचे, जेबाच्या लग्नाचे. एकूण त्रेचाळीस तारखा निघाल्या, ज्या दिवशी मी तिथं नव्हतो आणि आकडा मात्र आहे. देवाकडं चुकलेलं सगळं मी लिहून ठेवलं. रजिस्टरात एका तारखेवरही खूण केली नाही. तसं करायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपून देवणीची एसटी धरली आणि तिथून हंडरगाव. संगप्पा आता थकलेत. ओट्यावर बसून भुईमूग निवडत होते. बारा वर्षांची ओळख, जेवल्याशिवाय सोडेनात. ज्वारीची भाकर आणि दोडक्याची भाजी झाली. मग विचारलं, "संगप्पा, मंडळी दवाखान्यात होती त्या वर्षी तुम्ही फोनवर पाऊस सांगायचे. आठवतं का?"

"हाव की. रोज फोन तुमचा. भाभीचं विचारायच्या आधी तुम्हीच पावसाचं विचारायचे. मी बायकोला म्हनलं, ह्यो मानूस अजबच हाय."

"गुडघाभर पाणी झालं होतं म्हणाले होते तुम्ही."

संगप्पा हसायला लागले. दात राहिले नाहीत, पण हसणं तेच. "अवो साहेब, थेंब न्हाई पडला त्या म्हैन्यात. सोयाबीन उभं वाळलं हितं. पर तुमची बायको टेबलावर, तुम्ही कावलेले. दवाखान्यात बसलेल्या मानसाला कोरडं सांगत्यात व्हय? म्हनलं, सांगावं बरं. लई पाऊस हाय, सगळं झ्याक हाय, तुम्ही भाभीकडं बघा."

"मी ते लिहिलं, संगप्पा."

"कुटं लिवलं?"

"रजिस्टरला."

त्यांचं निवडणं थांबलं. हातातली शेंग तशीच. "मी तर तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून सांगितलं," ते म्हणाले, "सरकारला कुटं सांगितलं?"

निघताना त्यांनी शेंगांची पिशवी दिली. ते दारात उभे राहून दोनदा म्हणाले, माझं काही चुकलं का. नाही म्हणालो. खरंच त्यांचं काही चुकलं नाही. दवाखान्यातल्या माणसाला आमच्याकडं सगळेच असं सांगतात. मीही संगप्पांच्या जागी हेच सांगितलं असतं. पण मी विचारत होतो पर्जन्यमापकासाठी आणि ते सांगत होते माझ्यासाठी, हे मला नऊ वर्षांनी कळलं.

२७ सप्टेंबर, बुधवार

प्रकल्पाचा निष्कर्ष निघाला. सहा मंडळं, बारा वर्षं, बहात्तर ओळी. शेंगा भरताना पडलेल्या पावसाचा उताऱ्याशी फारसा संबंध नाही. गुणांक जेमतेम शून्याच्या वर, पी व्हॅल्यू शून्य पूर्णांक एकेचाळीस; ती अगदी लहान असेल तरच संबंध खरा मानतात.

आलोक सरांना हे फार आवडलं. "सगळे शेतकरी सांगतात तो पाऊस महत्त्वाचा, आणि आकडे वेगळंच सांगतात. हे मांडण्यासारखं आहे." नांदेडला विद्यापीठात १४ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांचं चर्चासत्र आहे, तिथं मृण्मयीनं निबंध वाचायचा. निबंधावर दोघांची नावं. सर म्हणाले, हे छापूनही येऊ शकतं. मृण्मयीला पुढं संशोधनाला प्रवेश घ्यायचा आहे, तिला याचा उपयोग होईल.

ती मात्र खूश दिसली नाही. सरांना विचारलं, "सर, हा निष्कर्ष खोटा असेल तर?"

"मग तपास की. तेवढ्यासाठीच तर पंधरा दिवस आहेत."

"आहेत ना," ती म्हणाली, आणि सरांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मी वहीत तारीख लिहून घेतली.

शेंगा भरताना पाऊस लागतो. हे मला पुस्तकातून शिकावं लागत नाही. बारा वर्षं त्या गावात राहिलो आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

रईसाला सांगितलं. पासष्टचं, त्रेचाळीस तारखांचं, नांदेडचं, सगळं. ती कोथिंबीर निवडत होती. घरात आम्ही दखनीत बोलतो. ती बोलली ते इथं मराठीत लिहितो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दवाखान्यात तुम्ही पलंगाला टेकून फोनवर विचारायचे आणि कागदावर लिहायचे. माझे डोळे मिटलेले असायचे, मी झोपलेली नसायचे. तेव्हाच वाटलं, हा माणूस इथं बसून तिकडचा पाऊस कसा मोजतो. पण तुम्ही इतके घाबरलेले होते. म्हटलं, लिहू दे, तेवढं तरी डोक्याला काम."

मी म्हणालो, पदोन्नतीच्या यादीत माझं नाव अकरावं आहे. आत्ता काही सांगितलं तर चौकशी लागू शकते.

"लागू शकते," ती म्हणाली. "मग नका सांगू."

मी कोथिंबिरीच्या जुडीकडं बघितलं.

"बघा," ती म्हणाली, "नका सांगू म्हटलं तर चेहरा पडतो. सांगा म्हटलं तरी पडेल. मला कशाला विचारता?" आणि कोथिंबिरीच्या काड्या माझ्यापुढं सरकवल्या, की ह्या तरी निवडा.

४ ऑक्टोबर, बुधवार

नांदेडच्या स्लाइड्स मृण्मयीनं दाखवल्या. सगळ्या मंडळांना नावं आहेत, हंडरगावचं मात्र नाव काढून 'मंडळ क्रमांक चार' असं लिहिलंय. का, विचारलं. "नाव लिहायची काय गरज आहे चाचा?" म्हणाली. मग बाकीच्यांची का लिहिली, ते विचारायचं राहिलं.

आज सांगणार होतो. तास संपला, सगळे उठले, अवधूतनं चहाला ओढून नेलं. उद्या.

७ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं.

तासानंतर दोघांनाही थांबवलं, सरांना आणि मृण्मयीला. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. "चौथं मंडळ मी आहे," असं काहीतरी बोललो. मग कजाची वही टेबलावर ठेवली आणि तारखांची यादी. संगप्पांचंही सांगितलं.

सर बराच वेळ यादी वाचत होते. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "नासिरभाई, ज्या दिवशी मोजलं नाही त्या दिवशी रकाना मोकळा सोडायचा असतो. शून्यही नाही. नुसता मोकळा."

"मोकळा ठेवायचा नाही असं सांगितलं होतं, सर."

"माहीत आहे. सगळीकडं तेच सांगतात."

मृण्मयीला धक्का बसला असावा, कारण ती काहीच बोलली नाही. "हो चाचा," एवढंच. नाक ओढल्यासारखं केलं, मग लॅपटॉप उघडला आणि दुसरा तक्ता सरांपुढं ठेवला. त्यात हंडरगावचं २०१४ साल वगळून गणित केलेलं होतं. "यादी आली की बाकीच्या तारखाही मोकळ्या करते," म्हणाली. मी आत्ता सांगितलं आणि तिच्याकडं तक्ता तयार. हुशार मुलगी आहे, शंका आली असेल.

संध्याकाळी तिचा फोन आला. त्रेचाळीस रकाने मोकळे करून पुन्हा गणित केलं. गुणांक चारपट झाला. पी व्हॅल्यू शून्य पूर्णांक शून्य नऊ.

"म्हणजे झालं का सिद्ध?" मी विचारलं.

"नाही ना. शून्य पूर्णांक शून्य पाचच्या आत हवी होती. आता पाऊस लागतो असंही म्हणता येत नाही, आणि लागत नाही असंही नाही."

"म्हणजे माझ्यामुळं तुझा निबंध गेला."

"चाचा," ती म्हणाली, "खोटा गेला. तो जाऊ द्या की." आणि पुढं, "मला वाटलं होतं तुम्ही नांदेडच्या गाडीत सांगाल."

गाडीत कशाला सांगेन? असं काय ती म्हणाली ते कळलं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार. नांदेड

अवधूतही आला. पूर्ण रस्ता बोलत होता. शिपाईबुवा मीच हे त्याला गुरुवारी सांगितलं, तेव्हापासून तो तीन वेळा पाया पडला आणि चौथ्यांदा म्हणाला, "चाचा, मी गादीचं बोललो ते मागं घेतो. पर खिडकीचं ऱ्हाऊ द्या."

मृण्मयीनं नवा निबंध वाचला. शीर्षक बदललं होतं: पाऊस मोजणाऱ्याची गैरहजेरी आणि आकड्यांची हजेरी. माझं नाव कुठं न घेता सगळं मांडलं. बक्षीस दुसऱ्याच कॉलेजला गेलं. परीक्षकांपैकी एक म्हातारे प्राध्यापक उठून म्हणाले, "आकडा कोणत्या खोलीत जन्मला हे विचारणारी मुलं कमी झालीत." मग विचारलं, "पण मूळ रजिस्टरात हे दुरुस्त झालं का? कारण ते आकडे उद्या दुसरा कोणीतरी वापरणार."

ती म्हणाली, "ते आमच्या हातात नाही सर."

ती मागं वळली नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. दुपारची जुहर पढायला बाहेर गेलो तेव्हा सजद्यात कपाळ टेकलं तरी तो प्रश्न होता, हे इथं लिहायला हरकत नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

सरांना विचारलं. ते म्हणाले, वर्गापुरतं पुरे झालं, मार्कही त्याचे मिळतील, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नोकरी तुमची आहे, मी सल्ला देणार नाही. सल्ला दिला असता तर बरं झालं असतं.

ऑफिसात मोठ्या कारकुनांना सहज विचारावं तसं विचारलं, की नऊ वर्षांपूर्वीच्या पाऊस-नोंदीत चूक सापडली तर काय पद्धत आहे. ते म्हणाले, "सापडत नसते." मग चष्मा काढून म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वीचा पाऊस वाळून गेला मणियार. यादी डिसेंबरात निघतेय. गप बसा."

त्यांनी भल्यासाठीच सांगितलं. संगप्पांनीही भल्यासाठीच सांगितलं होतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

अर्थमितीचा पेपर २४ नोव्हेंबरला आहे. सराव म्हणून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली. पन्नासपैकी एकवीस येतील असं वाटतं. पास व्हायला वीस लागतात. हाही अंदाजच.

अब्बांची बांगडी चुकली तर फुटायची. माझं काही फुटलं नाही, म्हणून मला वाटलं चुकलं नाही. आज गच्चीवर पाटी घेऊन बसलो तेव्हा हे लक्षात आलं. समीकरण लिहिलं नाही. अर्जाचा मसुदा लिहिला. पाटी लहान पडली, दोन्ही बाजू भरल्या.

रईसानं वर येऊन वाचला. एक ओळ खोडायला सांगितली: 'पत्नीच्या आजारपणामुळे'. म्हणाली, "माझं नाव पुढं करू नका. आजारी मी होते, लिहिलं तुम्ही." खोडली. मग म्हणाली, "यादीत अकराव्याऐवजी बारावे झालात तरी जेवण तेवढंच लागणार आहे."

३ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अर्ज स्वच्छ कागदावर उतरवला. नासिर महेबूब मणियार, तत्कालीन शिपाई. विषय: हंडरगाव मंडळाच्या पर्जन्य नोंदीतील माझ्या चुकांबाबत. मोजपात्राच्या रेषा पुसट होत्या म्हणून पाचाच्या पटीत लिहिलं, ते. कुंपणाची किल्ली माझ्याकडं होती, ते. खालील त्रेचाळीस दिवशी मी प्रत्यक्ष मोजलेलं नाही, ते. याखेरीजही दिवस असतील, पण त्यांचा माझ्याकडं पुरावा नाही, तेही. सोबत तक्ता. डाव्या बाजूला तारखा, उजवीकडं 'मोजलेला पाऊस, मि. मी.' असा रकाना.

जुम्याच्या नमाजेआधी आवक टेबलावर गेलो. तिथं मंजुश्री मॅडम बसतात, नवीन आहेत. त्यांनी अर्ज न वाचता तक्ता बघितला. पानं उलटली. "मणियार साहेब, उजवीकडचा रकाना पूर्ण मोकळा आहे. भरायचा राहिला का?"

"नाही मॅडम."

"मोकळा रकाना असला की अर्ज परत येतो. काहीतरी लिहा. निदान शून्य लिहा." त्यांनी आपलं पेन पुढं केलं.

मी पेन घेतलं नाही. "तो तसाच आहे," म्हणालो. "तसाच घ्या."

त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा तक्त्याकडं बघितलं. मग शिक्का मारला, माझ्या प्रतीवर सही केली. आवक क्रमांक एकोणीसशे चार. मी प्रत घडी करून खिशात ठेवली आणि जुम्याला गेलो.